आधी काळ, मग चित्र

आठवड्यातून एकदाच घ्यायची, स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी लखनौत जन्माला आली. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. त्याच संस्थेत नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंटक्रोमान हा रेणू घडवला. १९९१ साली तो ‘सहेली’ या नावाने बाजारात आला आणि २०१६ मध्ये ‘छाया’ म्हणून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात गेला. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, हे वेळापत्रक कुणी सोयीसाठी ठरवलेले नाही. औषध शरीरात किती काळ टिकते याच्या मोजमापातून ते आले आहे. सेंटक्रोमानची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून रोजची गोळी साप्ताहिक होऊ शकली. औषध कुठे पोहोचले, किती पोहोचले आणि किती वेळ थांबले, हे तीन प्रश्न औषधशास्त्राच्या मुळाशी आहेत, आणि त्यांतला वेळेचा प्रश्न सर्वांत कमी दिसणारा असला तरी निर्णायक असतो. प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांचे अणुवैद्यकीय प्रतिमांकन, म्हणजे उंदीर, रॅट, हॅमस्टर यांच्या शरीरात किरणोत्सारी खूण लावलेले द्रव्य सोडून त्याचा प्रवास बाहेरून टिपणे, हा या ग्रंथाचा विषय. त्याची ओळख करून देताना मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. या तंत्राकडे चित्र काढण्याचे साधन म्हणून पाहिले की त्याचे मोल चुकते. जिवंत शरीरातला काळ मोजण्याचे साधन म्हणून पाहिले, तर ते कधी वापरावे, कधी वापरू नये आणि त्यावर पैसे खर्च करावेत की नाही, या सगळ्याची उत्तरे नीट मिळू लागतात.

या दाव्याचा पहिला पुरावा इतिहासात आहे. १९३५ मध्ये कोपनहेगनमध्ये जॉर्ज हेवेशी आणि ओ. किएविट्झ यांनी रॅटना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घातला. ठरावीक दिवसांनी प्राणी मारायचे, अवयव जाळून राख करायची आणि राखेतला किरणोत्सार मोजायचा, अशी त्यांची रीत होती. हाडांत शिरलेला फॉस्फरस तिथेच बसून राहत नाही, काही अणू बाहेर पडतात आणि त्यांची जागा नवे घेतात, असे त्यांना आढळले. हाड म्हणजे एकदा बांधलेली निर्जीव चौकट ही समजूत त्या प्रयोगाने मोडली. त्यात एकही चित्र नव्हते, आकडे आणि दिवस तेवढे होते. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत लुई सोकोलॉफ यांनी कार्बन-१४ लावलेला डीऑक्सिग्लुकोज रॅटच्या शिरेत सोडून मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज ओढतो हे मोजण्याची पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. सुमारे ४५ मिनिटे रक्ताचे नमुने घ्यायचे, मग रॅटचा शिरच्छेद करायचा, मेंदूचे पातळ काप करायचे आणि ते एक्स-रे फिल्मवर ठेवायचे. फिल्मवर नकाशा उमटत असे, पण एका प्राण्याकडून एकाच क्षणाचा. कार्बन-१४ चे किरण शरीराबाहेर पोहोचत नाहीत, म्हणून ही पद्धत आकार घेत असतानाच फ्लोरीन-१८ लावलेले एफडीजी तयार झाले होते. ऑगस्ट १९७६ मध्ये ब्रूकहेवनला बनवलेले हे द्रव्य विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन माणसाला प्रथम टोचले गेले. आज कर्करोगाच्या रुग्णांचे पेट स्कॅन बहुतांशी याच द्रव्यावर चालते. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपेट हे लहान प्राण्यांसाठीचे यंत्र मांडले आणि तेच एफडीजी पुन्हा उंदराकडे परतले, मात्र आता उंदीर मारावा लागत नव्हता. रॅटपासून माणसापर्यंत आणि माणसापासून उंदरापर्यंतच्या या येरझारीत बदलले ते एवढेच, की एका क्षणाच्या नोंदीऐवजी सलग काळाची नोंद मिळू लागली.

यंत्रांची ओळख थोडक्यात पुरे, कारण पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर आहे. पेटमध्ये फ्लोरीन-१८ सारख्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो आणि परस्परविरुद्ध दिशांना ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण जातात. दोन्ही एकाच वेळी टिपले की उगम त्यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे कळते. स्पेक्टमध्ये टेक्नेशियम-९९एम सारखे द्रव्य १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एकेकटा किरण सोडते, आणि तो कुठून आला हे शिसे किंवा टंगस्टनच्या पडद्यातल्या छिद्रांवरून ठरते. खरी अडचण आकाराची आहे. माणूस ७० किलोचा आणि उंदीर २५ ग्रॅमचा धरला तर वजनात २,८०० पट फरक पडतो, आणि लांबी-रुंदीच्या हिशोबात साधारण चौदा पट. रुग्णालयातले पेट यंत्र सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतचे तपशील वेगळे दाखवत असेल, तर उंदरात तितकेच सूक्ष्म पाहण्यासाठी ०.३५ मिलिमीटरपर्यंत उतरावे लागेल. पेटची चांगली यंत्रे एक मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतात. पॉझिट्रॉन नाहीसा होण्याआधी ऊतीत थोडा फिरतोच. फ्लोरीन-१८ मध्ये हे अंतर सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर असते, तर गॅलियम-६८ मध्ये तीन मिलिमीटरच्या घरात. स्पेक्टला ही मर्यादा नाही. सुईने पाडल्यासारखे बारीक छिद्र उंदराच्या अगदी जवळ आणले की प्रतिमा मोठी होऊन पडते, आणि अशी पुष्कळ छिद्रे एकत्र वापरून नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही सूक्ष्म तपशील मिळवले. त्याची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागते, कारण छिद्रातून फारच थोडे किरण पलीकडे जातात आणि पेट तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त टिपते. माणसाच्या वैद्यकात पेट वरचढ आणि स्पेक्ट जुने असा जो समज आहे, तो उंदराच्या बाबतीत सरसकट खरा नाही. लखनौसारख्या शहराने काय निवडावे या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

त्याआधी एका प्राण्याचा पाठपुरावा करण्याने नेमके काय हाती लागते ते पाहू. औषध पाच मिनिटे, अर्धा तास, एक, दोन, चार आणि चोवीस तासांनी कोणत्या अवयवात किती आहे हे कापून मोजायचे झाले, आणि दर वेळेला पाच उंदीर घेतले, तर तीस उंदीर लागतात. रक्त काढून हे टाळावे म्हटले तर २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात जेमतेम दोन मिलिलिटर रक्त असते. दर वेळी एक दशांश मिलिलिटर म्हटले तरी सहा वेळांत त्याचे जवळजवळ तीस टक्के रक्त जाते आणि मोजमाप आजारी प्राण्याचे होते. प्रतिमांकनात तेच पाच-सहा उंदीर सहाही वेळा मोजता येतात. प्राणी वाचतात हा लाभ आहेच, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने दुसरा लाभ मोठा आहे. तीस उंदरांच्या आलेखात पाच मिनिटांचा उंदीर आणि चोवीस तासांचा उंदीर वेगवेगळे असतात, त्यामुळे वक्ररेषेतला चढउतार औषधाचा आहे की उंदराउंदरांतला, हे सुटे करता येत नाही. तोच प्राणी पुन्हा मोजला की तो स्वतःच स्वतःचा मापदंड होतो. लखनौला ही कल्पना नवी नाही. काळा आजाराच्या औषधांची चाचणी घेताना केंद्रीय औषध संशोधन संस्थेत लीशमानिया या परजीवीची लागण केलेल्या सोनेरी हॅमस्टरची प्लीहा शस्त्रक्रियेने उघडून तिचा बारीक तुकडा घेतला जाई. त्याचा ठसा काचपट्टीवर उमटवून, रंग देऊन, ठरावीक पेशीकेंद्रकांमागे किती परजीवी आहेत ते मोजायचे. मग टाके घालून उपचार करायचे आणि काही दिवसांनी त्याच हॅमस्टरची पुन्हा तीच तपासणी. दोन मोजमापांसाठी एकाच प्राण्यावर दोनदा शस्त्रक्रिया करण्याचे कष्ट संशोधकांनी घेतले, कारण ‘आधी’ आणि ‘नंतर’ वेगवेगळ्या हॅमस्टरांत मोजले तर निष्कर्ष डळमळीत होतात हे त्यांना ठाऊक होते. बाहेरून टिपलेली प्रतिमा त्याच शिस्तीला सुरीपासून मोकळे करते. मात्र ती परजीवी मोजत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. परजीवीलाच चिकटणारे खात्रीचे द्रव्य हाती नसेल तर प्लीहेचा आकार, तिचे काम किंवा तिच्यात पोहोचलेले औषध एवढेच दिसते. परजीवी मोजायचे असतील तर काचपट्टी, किंवा प्रकाश देणारा जनुक घातलेल्या परजीवींचे प्रकाशीय प्रतिमांकन, हीच साधने जास्त भरवशाची.

काळा आजाराचेच उदाहरण आणखी थोडे पुढे न्यावेसे वाटते, कारण या तंत्राचे बळ आणि धोका दोन्ही त्यात एकत्र दिसतात. परजीवी यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षकपेशींत दडून बसतात. मेदकणांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेले अँफोटेरिसिन-बी त्याच पेशी गिळतात, म्हणून औषध नेमके शत्रूच्या घरात जाते. भारताच्या निर्मूलन कार्यक्रमात प्रति किलो १० मिलिग्रॅमची एकच मात्रा पुरते ती यामुळेच. आता नव्या प्रकारचे मेदकण करून ते प्लीहेत जास्त जातात की नाही हे पाहायचे आहे. त्यांना टेक्नेशियम लावले, हॅमस्टरला टोचले, गॅमा कॅमेऱ्याखाली ठेवले आणि यकृत-प्लीहा झळाळून उठली, तर लेखाला मथळा मिळतो. पण कॅमेऱ्याला मेदकण दिसत नाहीत, अँफोटेरिसिन तर नाहीच नाही. त्याला फक्त टेक्नेशियम दिसते. खूण लावताना टेक्नेशियमचा काही भाग न चिकटता सूक्ष्म कणरूप कलिल बनून राहिला असेल, तर ते कलिलही त्याच भक्षकपेशी गिळतात आणि चित्र हुबेहूब तसेच येते. टेक्नेशियम सुट्या परटेक्नेटेटच्या रूपात राहिले असेल तर थायरॉइड आणि जठर उजळतात, त्यामुळे ती चूक निदान पकडता येते. कलिलाची चूक यकृताच्या तेजात लपून जाते. म्हणून टोचण्याआधी पातळ थराच्या पट्टीवर ॲसिटोनमध्ये एकदा आणि कलिल वेगळे काढणाऱ्या दुसऱ्या द्रावणात एकदा, अशी तपासणी लागते. मेदकणांसारख्या मोठ्या वाहकांसाठी तीही अपुरी पडते, तेव्हा गाळणी किंवा स्तंभातून वेगळे करून पाहावे लागते. शिवाय रक्तरसात काही तास ठेवल्यावर खूण सुटते का हे पाहावे लागते, आणि मेदकणांशिवाय केवळ कलिल टोचलेला वेगळा गटही लागतो. या नोंदी नसलेला निबंध कितीही देखणा असला तरी त्यातून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इथेही काळच साक्ष देतो. कलिल काही मिनिटांत रक्तातून निघून यकृतात बसते, तर चांगले मेदकण तासन् तास रक्तात फिरतात. एका वेळेचे चित्र दोघांत फरक करू शकत नाही, पहिल्या मिनिटापासूनची वक्ररेषा करू शकते.

मोजमापाची ही निष्ठा प्राण्याच्या तयारीपासूनच सुरू होते. एफडीजीचे स्कॅन घ्यायच्या उंदराचे काही तास घ्या. पिंजऱ्यातून उचललेला, पोटभर खाल्लेला, बावीस अंश तापमानात वाढलेला उंदीर माणसाच्या हिशोबाने आरामात असतो, त्याच्या हिशोबाने थंडीत. त्याला ऊब पुरते ती तीस अंशांच्या आसपास. थंडी वाजली की दोन खांद्यांच्या मधला तपकिरी मेद उष्णता तयार करायला ग्लुकोज ओढू लागतो, आणि प्रतिमेत पाठीवर असा ठळक डाग उमटतो की नवख्याला तो गाठ वाटावा. नुकतेच खाल्लेले असेल तर हृदय आणि स्नायू ग्लुकोज खातात. केटामाइन-झायलाझिनची भूल दिली तर रक्तातली साखर चढते आणि सगळेच आकडे सरकतात. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये नेमके हेच तपासले. उंदीर उपाशी ठेवणे, उबदार ठेवणे आणि आयसोफ्लुरेनची भूल देणे, एवढ्या तीन गोष्टींनी गाठ आणि आजूबाजूची ऊती यांतला फरक कितीतरी ठळक होतो, हे त्यांनी दाखवले. गाठ तीच, द्रव्य तेच, यंत्र तेच. पुढे शेपटीची शीर. ती फुगावी म्हणून शेपटी कोमट पाण्यात धरायची आणि एक-दोन दशांश मिलिलिटरपेक्षा जास्त न टोचता सुई सावकाश काढायची. सिरिंज टोचण्याआधी आणि टोचल्यावर, दोन्ही वेळा मोजायची, कारण सिरिंजमध्ये उरलेले आणि शेपटीतच अडकलेले द्रव्य वजा केल्याशिवाय उंदराला प्रत्यक्ष किती मिळाले हे कळत नाही. जानेवारीच्या रात्री गारठणाऱ्या आणि मे महिन्यात चाळिशीपार जाणाऱ्या लखनौत प्राणिगृहापासून स्कॅनच्या खोलीपर्यंतच्या वाटेवरचे तापमानही प्रयोगाचाच भाग ठरते, आणि ते वहीत लिहिलेले असले पाहिजे.

दोन गोष्टी माणसाच्या वैद्यकातून जशाच्या तशा उचलता येत नाहीत. पहिली किरणोत्साराची मात्रा. ७० किलोच्या रुग्णाला ३५० मेगाबेकरेल दिले तर किलोमागे पाच होतात. उंदराला साडेसात मेगाबेकरेल देणे अगदी नेहमीचे आहे, ते किलोमागे तीनशे होतात, म्हणजे साठ पट. उंदराच्या चिमुकल्या देहातून बरेच किरण ऊर्जा न सोडताच निसटतात, त्यामुळे शोषलेली मात्रा साठ पट होत नाही. तरीही आठवड्याला एक असे सहा स्कॅन, वर प्रत्येकासोबत सीटी, असे केले तर गाठीच्या वाढीवर किंवा प्रतिकारशक्तीवर परिणाम होऊ शकतो आणि आपण औषधाचा म्हणून जो परिणाम मोजतो त्यात आपल्याच किरणांचा वाटा मिसळतो. म्हणून फक्त स्कॅन केलेला आणि औषध न दिलेला गट लागतो. दुसरी गोष्ट द्रव्याच्या वजनाची. ट्रेसर म्हणजे जे शोधले जाते त्याला न ढळवणारी अत्यल्प मात्रा. मेंदूतल्या ग्राहकरेणूंना चिकटणारे द्रव्य माणसाला दिले तर काही मायक्रोग्रॅम क्षुल्लक ठरतात, पण उंदराच्या अर्ध्या ग्रॅमच्या मेंदूत तेवढ्याने ग्राहकरेणू भरून जाऊ शकतात. मग मोजले जाते ते औषधाने व्यापलेले मेंदूचे रूप. यावर उपाय उत्तम रसायनशास्त्राचा आहे, महागड्या यंत्राचा नाही.

आता सेंटक्रोमानकडे पुन्हा पाहावे लागते, कारण माझ्या दाव्याची खरी कसोटी तिथे आहे. ज्या रेणूचा शरीरातला मुक्काम आठवड्याच्या हिशोबात मोजायचा, त्याला ११० मिनिटांच्या अर्धायुष्याचे फ्लोरीन-१८ लावून काय कळणार? दुसऱ्या दिवशी मोजायला काही उरतच नाही. सहा तासांचे टेक्नेशियमही अपुरे. शिवाय टेक्नेशियम पकडायला रेणूला एक मोठा रासायनिक चिमटा जोडावा लागतो आणि सेंटक्रोमानसारखा लहान रेणू त्यामुळे वेगळाच होऊन जातो. तिथे ट्रिटियम किंवा कार्बन-१४, ऊतींचे काप आणि वस्तुमान वर्णपटमापी हीच योग्य साधने, आणि त्यांसाठी प्राणी मारावेच लागतात. म्हणजे लखनौच्या सर्वांत नावाजलेल्या औषधाला हे तंत्र फारसे उपयोगी पडले नसते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. समस्थानिकाचे आयुष्य आणि औषधाचा शरीरातला मुक्काम यांची जोडी आधी जुळली पाहिजे. काही मिनिटे ते काही तास असा प्रवास असेल तर फ्लोरीन-१८ आणि टेक्नेशियम, दिवसांचा असेल तर साधारण सव्वातीन दिवसांचे झिर्कोनियम-८९ किंवा सुमारे चार दिवसांचे आयोडीन-१२४. अँटिबॉडीसारखे सावकाश फिरणारे रेणू म्हणूनच झिर्कोनियमने पाहतात. यंत्र आधी विकत घ्यायचे आणि मग त्याला शोभेलसा प्रश्न शोधायचा, हा उलटा क्रम झाला.

या विषयावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत सर्वांत मोलाचा आक्षेप जुन्या पठडीतल्या औषधशास्त्रज्ञांचा आहे. अवयव काढून, वजन करून, किरणोत्सार मोजणाऱ्या विहीर-काउंटरमध्ये घेतलेला आकडा प्रतिमेतल्या आकड्यापेक्षा अचूक असतो, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. दीड मिलिमीटर तपशील दाखवणाऱ्या यंत्रात तीन मिलिमीटरची गाठ असली तर तिचे तेज आसपास सांडते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. मूत्राशय किंवा यकृतासारखा झगझगीत अवयव शेजारी असेल तर उलट शेजारचे तेज आत शिरते. म्हणून प्रत्येक नव्या द्रव्यासाठी शेवटच्या वेळेचा गट कापून मोजणे आणि प्रतिमेचा आकडा त्याच्याशी ताडून पाहणे आवश्यकच आहे. कापलेला अवयव त्या एका घडीची पातळी अचूक सांगतो, पण त्या पातळीपर्यंत वक्ररेषा कशी पोहोचली ते त्याला माहीत नसते. गाठीत आणि स्नायूत तासाभराने सारखेच द्रव्य सापडले, तरी एकात ते चढत असेल आणि दुसऱ्यात उतरत असेल. औषध कुठे धरून ठेवले जाते हे त्या दिशेवरून कळते. दोन्ही पद्धती मिळून एक पुरावा तयार होतो, आणि प्रतिमांकनाने कापणे संपेल असे सांगणारे या तंत्राचे भले करत नाहीत.

दुसरा आक्षेप प्राणीच का, असा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा मुळीच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती आणि संस्थांमधल्या नीती समित्या आज प्रत्येक प्रयोगातली प्राण्यांची संख्या आणि यातना तपासतात. मार्च २०२३ मध्ये भारताने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी पेशींपासून वाढवलेल्या अवयवसदृश रचना किंवा चिपवरचे अवयव यांसारख्या पद्धतींनाही जागा दिली. जिथे तशा पद्धती पुरतात तिथे प्राणी वापरू नयेत हे मला मान्य आहे. पण औषध आतड्यातून रक्तात, रक्तातून यकृतात, तिथे तुटून मूत्रपिंडात आणि वाटेत थोडे मेंदूत असा प्रवास करते, आणि हा सबंध प्रवास अजून कोणत्याही चिपवर बसत नाही. वितरणाचा प्रश्न नेमका संपूर्ण देहाचा आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे ही दोन या तंत्राने साधता येतात. ‘साधता येतात’ हे शब्द मी तोलून वापरतो आहे. त्याच उंदराला सहा वेळा भूल देणे, सहा वेळा शेपटी टोचणे आणि उपाशी ठेवणे ही एकाच जिवावर साठत जाणारी यातना आहे. तीसऐवजी सहा, एवढाच हिशोब नीती समितीपुढे ठेवणे प्रामाणिक नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा तिसरा आक्षेप. उंदराचे हृदय मिनिटाला पाच-सहाशे ठोके घालते, त्याचे यकृत पुष्कळ औषधे आपल्यापेक्षा लवकर तोडते. मात्र हा फरक उघडपणे मोजायला देणारे साधन हेच आहे, कारण तेच द्रव्य, तीच मोजणी, उंदरात आणि स्वयंसेवकात दोन्हीकडे करता येते. औषधाचा कोणताही परिणाम होणार नाही इतकी सूक्ष्म, शंभर मायक्रोग्रॅमपर्यंतची मात्रा माणसाला देऊन वितरण पाहण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. उंदराचा अंदाज कुठे चुकला हे तिथे कळते, आणि कापून मोजण्याच्या पद्धतीला माणसाच्या बाबतीत अर्थातच वाव नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो लखनौच्या संदर्भात अधिक टोचतो. रुग्ण पेट स्कॅनच्या तारखांची वाट पाहत असताना उंदरांसाठी वेगळे यंत्र घ्यावे का? रुग्णालयाच्या यंत्रावर रात्री उंदीर ठेवा, असे सुचवणारे दोन गोष्टी विसरतात. प्राण्यांपासून रुग्णांना होऊ शकणारा संसर्ग ही एक, आणि चौदा पट लहान देहासाठी ते यंत्र फार ढोबळ ठरते ही दुसरी. प्राणी मोठा असेल तर मात्र वेगळे यंत्र लागतेच असे नाही; दोन किलोचा ससा बारीक छिद्राचा पडदा लावलेल्या साध्या गॅमा कॅमेऱ्यावर चांगला दिसतो, आणि केवळ संशोधनासाठी ठेवलेला जुना कॅमेरा पुष्कळ कामांना पुरतो. सगळ्या शहरांनी सगळी यंत्रे घ्यावीत असे मी म्हणणार नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात लहान प्राण्यांच्या प्रतिमांकनाची सोय आहे. मुंबईला परळचे किरणोत्सार वैद्यक केंद्र १९६३ पासून लाभले आहे, पाठीशी ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या आहेत आणि २००२ पासून परळमध्येच वैद्यकीय सायक्लोट्रॉन आहे. द्रव्य बनवणारे, प्राणी सांभाळणारे आणि गाठींचे जीवशास्त्र जाणणारे तिथे एकाच महानगरात आहेत, म्हणून पेटचा हट्ट तिथे शोभतो.

लखनौचा भूगोल वेगळा आहे. औषध संशोधन संस्था छत्तर मंझिल सोडून शहराच्या उत्तरेला जानकीपुरम विस्तारात गेली. रेणू, हॅमस्टर, परजीवी आणि सत्तर वर्षांची औषधशास्त्राची सवय तिथे आहे. अणुवैद्यकाचा विभाग असलेली संजय गांधी पदव्युत्तर संस्था दक्षिणेला रायबरेली रस्त्यावर आहे. किरणोत्सारी द्रव्य हाताळण्याची सवय आणि परवाने तिथे आहेत. मधे अख्खे शहर आणि त्याची रहदारी. फ्लोरीन-१८ तासाभराच्या प्रवासात एकतीस टक्के विरून जाते, आणि तासभर लागणे या रस्त्यांवर अवघड नाही. टेक्नेशियमचे तेवढ्याच वेळात अकरा टक्के जाते. शिवाय ते मोलिब्डेनमच्या जनरेटरमधून काढता येते, आणि मोलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तासांचे असल्यामुळे एक जनरेटर आठवडाभर रोज सकाळी कामाला येतो. अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना असलेली एक छोटी प्रयोगशाळा प्राणिगृहाशेजारी असली तर द्रव्याला शहर ओलांडावेही लागत नाही. त्यातून मेदकण, पेप्टाइडे, नाकातून किंवा फुफ्फुसातून द्यायची औषधे आणि जठरात विरघळणाऱ्या गोळ्यांचा प्रवास असे तासांच्या हिशोबातले प्रश्न सुटू शकतात. लखनौच्या हातातली कितीतरी कामे याच जातीची आहेत. म्हणून या शहरासाठी आधी छिद्रांचे स्पेक्ट, एक चांगला रेडिओरसायनतज्ज्ञ आणि प्राण्यांची काळजी घेणारे प्रशिक्षित हात, आणि त्यानंतरच पेट, असा क्रम मी सुचवेन. यंत्राचा निधी एकदाच मंजूर होतो, पण रसायनतज्ज्ञाचे पद आणि देखभालीचा करार दरवर्षी लागतो. अंदाजपत्रकात तीच ओळ आधी कापली जाते, आणि यंत्र बंद पडते तेही तिच्याच अभावी.

पुढची प्रकरणे वाचताना विद्यार्थ्यांनी एक सवय लावून घ्यावी. प्रतिमा पाहण्याआधी पद्धतीचा भाग उघडावा आणि प्राणी किती तास उपाशी होता, खोलीचे आणि प्राण्याचे तापमान काय होते, भूल कोणती दिली, सिरिंजमध्ये किती उरले, खुणेची शुद्धता किती टक्के होती, कापून मोजलेल्या गटाशी आकडे जुळले का, हे तिथे शोधावे. त्यातले काही सापडले नाही तर संबंधित लेखकांना पत्र लिहून विचारावे. उत्तरे बहुतेकदा मिळतात, कारण या नोंदी प्रयोगवहीत असतात आणि जागेअभावी छापायच्या राहून गेलेल्या असतात.